दिनचर्या आणि अवधान

आपल्या वार्षिकांकांत दरवर्षीं कोणीतरी शिक्षकानें विद्यार्थ्यांस दिनचर्येचा उपदेश करावा, असा एक अलिखित संकेतच पडून गेला आहे. पहांटे उठावें, मिताहार करावा, व्यायाम चुकवूं नये, अभ्यासास वेळ द्यावा, खेळासहि द्यावा आणि रात्रीं लवकर निजावें, एवढें सांगितलें म्हणजे लेख पुरा होतो. आम्हीहि हा संकेत दोन वेळां पाळला आहे. ते दोन्ही लेख परवां कपाटांतून काढून वाचले. त्यांत खोटें असें कांहींच नाहीं. भाषाहि बरी साधली आहे. परंतु ज्या दिवसांत आम्ही त्यांतला दुसरा लेख लिहीत होतों, त्याच दिवसांत आमच्या स्वतःच्या घरांत काय घडत होतें हें आम्हांस दिसत नव्हतें. ही गोष्ट सांगण्यास संकोच वाटतो. तरी ती सांगितल्यावांचून यंदा दिनचर्येवर लेखणी उचलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, असें वाटल्यावरून ती येथें देत आहों. निमित्त झालें तें तेरच्या सहलीचें.

गेल्या हिवाळ्यांत नववीच्या मुलामुलींस घेऊन आम्ही तेर येथें गेलों होतों. धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव आज पाहणाऱ्यास इतर गांवांसारखेंच दिसतें. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत ज्या 'तगर' नगराचा उल्लेख आहे तें हेंच, असें जे. एफ. फ्लीट या विद्वानांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर आहे, आणि येथून साधें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखांतून भडोच बंदरास नेतात, असें त्या ग्रंथांत लिहिलें आहे. दहा दिवसांची ती वाट आज मोटारीनें चार-पांच तासांत उरकते. मुलांस हें सांगितलें तेव्हां एकानें लगेच हिशेब केला, "सर, म्हणजे साडेनऊ दिवसांहून जास्त वांचले!" सारा वर्ग हंसला, आम्हीहि हंसलों. ते वांचलेले दिवस गेले कोठें, हा प्रश्न मात्र त्या वेळीं कोणासच सुचला नाहीं.

त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ पाहून (मूळचें तें बौद्ध चैत्यगृह असावें असें विद्वान मानतात) आम्ही गोरोबाकाकांच्या समाधीपाशीं आलों. गोरोबांची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? गोरोबा मडक्यांसाठीं चिखल तुडवीत होते. मुखीं विठ्ठलाचें नाम चाललें होतें. त्यांची पत्नी लहानग्यास त्यांच्याजवळ ठेवून पाण्यास गेली. मूल रांगत रांगत चिखलांत शिरलें आणि नामांत दंग झालेल्या बापाच्या पायांखालीं तुडविलें गेलें. पुढें विठ्ठलकृपेनें तें मूल परत मिळालें, असा कथेचा शेवट आहे. आम्हीं नेहमींच्या पद्धतीनें ती सांगितली, आणि तन्मयतेचें हें उदाहरण होय असा समारोप केला. तेव्हां मागें उभ्या असलेल्या, वर्गांत सहसा तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनें विचारलें, "सर, तें मूल रडलें नसेल कां?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. जेवणाची वेळ झाली आहे असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली.

ज्यांच्या श्रद्धेची ही कथा आहे त्यांच्यासाठीं तिचा जो अर्थ आहे तो आहेच. त्यांत आम्हां ख्रिस्ती माणसानें ढवळाढवळ करण्याचें कारण नाहीं. गोरोबाकाकांविषयीं आम्हांस आदरच आहे, आणि ज्यांना सारा मुलूख 'काका' म्हणतो ते आमच्याहि घरचे वडीलच होत. परंतु त्या मुलीचा प्रश्न आमच्या काळजांत ज्या ठिकाणीं जाऊन लागला, तें ठिकाण कथेंतलें नव्हतें.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचा मुलगा त्या वेळीं सहावींत होता. शाळा आमचीच, परंतु वर्ग आमचा नव्हे. त्याचे गुण उतरूं लागले. वहींत गणितें अपुरीं, फळ्यावरून उतरवून घेतलेलीं वाक्यें तुटकीं. तो शेजारच्या मुलाच्या वहींत पाहून लिहितो, असें वर्गशिक्षिकांनीं आम्हांस दोन वेळां सांगितलें. शिक्षकाच्या मुलानें पाहून लिहावें! आम्हांस ती गोष्ट फारच लाजिरवाणी वाटली. आम्ही त्याला रागें भरलों. हात उगारला नाहीं, पण जें बोललों तें हातापेक्षां हलकें नव्हतें. मग त्याला पहांटेच्या शिकवणीस घातलें आणि सायंकाळचा खेळ बंद केला. टेलिव्हिजनच्या अगदीं पुढ्यांत जाऊन बसण्याची त्याला खोड होती. तिच्याबद्दलहि तो रोज बोलणीं खाई. आणि आम्ही काय करीत होतों? दिवसभर शाळा, सायंकाळीं मंडळीचें काम, रात्रीं वार्षिकांकाचीं मुद्रितें तपासणें. यांतलें एकहि काम वाईट नव्हतें. त्या मुद्रितांत एक मुद्रित आदर्श दिनचर्येवरील आमच्याच लेखाचें होतें.

एके रात्रीं वीज गेली. मुलाची आई त्याला घेऊन अंगणांत बसली होती. आकाश स्वच्छ होतें. तिनें सहज म्हटलें, "कृत्तिका किती दिसतात, मोज बघूं." तो म्हणाला, "कुठें आहेत?" तिनें बोट दाखविलें, मान धरून दिशा दाखविली, तो आपला 'कुठें, कुठें' विचारीतच राहिला. ती आंत आली, मेणबत्तीपाशीं मुद्रितें चाळीत बसलेल्या आमच्याकडे क्षणभर पाहत राहिली, आणि एवढेंच म्हणाली, "त्याला चांदण्या दिसत नाहींत."

दुसऱ्या दिवशीं डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांस उणे अडीचचा चष्मा लागला. वर्षभर तो ज्या बांकावर बसत होता तेथून त्याला फळ्यावरचें अक्षर दिसत नव्हतें, आणि सर्वांनाच असें दिसत असावें अशी त्याची समजूत होती. चष्मा लावून दुकानाच्या पायऱ्या उतरतांना समोरच्या कडुलिंबाकडे पाहून तो थांबला व म्हणाला, "पप्पा, पानें अशीं सुटीं सुटीं असतात?"

मूल रडलें नसेल कां? रडलें होतें. वर्षभर रडत होतें. त्याचें रडणें अपुऱ्या गणितांच्या रूपानें आमच्या मेजावर येत होतें, आणि आम्ही प्रगतिपुस्तकावर सही करून तें परत पाठवीत होतों. (गोरोबांच्या कथेंतहि, पाणी घेऊन परतलेल्या आईलाच तें आधीं दिसलें. आम्हां बापांनीं याचा विचार करावा.)

या प्रसंगानें दिनचर्येविषयींचें आमचें एक जुनें मत पार बदलून टाकलें. जीवनाचा तोल बिघडतो तो दुर्गुणांमुळें, आळसानें, मोबाईलानें, वाईट संगतीनें, असें आम्ही समजत होतों, आणि वर्गांत तसेंच सांगत होतों. तसा तो बिघडतोहि. परंतु ज्या घरांतलीं माणसें भलीं आहेत, कष्टाळू आहेत, अशा घरांत तो बहुधा चांगल्या कामांनीं बिघडतो. दुर्गुणाला नांव असतें; तो दिसतो, कोणीतरी त्यावर बोट ठेवतें. चांगलें काम मात्र वाढत वाढत शेजारच्या कामाची जागा खाऊं लागलें तरी लोक शाबासकीच देतात. रात्रीं बारापर्यंत मुद्रितें तपासणाऱ्या शिक्षकास कोण नांवें ठेवील?

पालकांनीं रागावूं नये. आतां थोडें त्यांच्याविषयीं. आपल्या शेजारच्या लातुरांतील अभ्यासपद्धतीची कीर्ति महाराष्ट्रभर पसरली आहे, आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द घरोघर झाला आहे. त्या पद्धतीनें खेड्यापाड्यांतलीं पुष्कळ मुलें वैद्यकीय व इंजिनिअरिंगच्या महाविद्यालयांत पोंचलीं. ही लहानसहान गोष्ट नव्हे, आणि तिची टवाळी करणाऱ्यांत आम्ही नाहीं. परंतु बारावीच्या मोठ्या मुलामुलींनीं एक-दोन वर्षें समजून उमजून पत्करलेली ती दिनचर्या उचलून सहावीच्या पोराच्या गळ्यांत अडकविणें, ही निराळी गोष्ट आहे. पहांटे साडेपांचला आमच्या रस्त्यानें दप्तरांचा जो तांडा जातो त्यांतलीं निम्मीं मुलें सायकलीवरच पेंगत असतात. निद्रावैद्यांच्या अमेरिकन संस्थेनें २०१६ सालीं पूर्ण विचारान्तीं असें सांगितलें कीं सहा ते बारा वर्षांच्या मुलांस चोवीस तासांत ९ ते १२ तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोप पाहिजे. आतां रात्रीं अकराला निजून पहांटे पांचला उठणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा हिशेब मांडा. तिला सहा तास मिळतात. रोज निदान दोन तासांचें देणें उरतें. आठवड्यास चौदा तास. हें देणें ती कोठें फेडते? आमच्या तासाला, पहिल्या बांकावर, डोळे उघडे ठेवून. आम्हांस तें दिसतें, आणि अलीकडे आम्ही तिला उठवीत नाहीं.

डोळ्यांची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतों. चीनमधील ग्वांगझौ शहरांत बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांस रोज शाळेच्या वेळांत चाळीस मिनिटें अधिक उघड्यावर नेलें. बाकीच्या शाळांत नेहमींचाच क्रम ठेवला. तीन वर्षांनीं पाहतां, उघड्यावर नेलेल्या मुलांत लांबचें अंधुक दिसण्याचा दोष नव्यानें जडलेलीं मुलें शेंकडा ३०.४ होतीं, तर इतरांत शेंकडा ३९.५. हा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. तैवानांत तर २०१० पासूनच शाळकरी मुलांनीं रोज दोन तास बाहेरच्या उजेडांत असावें असा यत्न चालू आहे. एकदां लागलेला चष्मा खेळानें उतरतो असें कोणी समजूं नये. पण जो उजेड डोळ्यांस हितकर, तोच आम्हीं शिक्षा म्हणून मुलापासून काढून घेतला होता, हें वाचून आम्हांस दिवसभर अन्न गोड लागलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटना पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस रोज सरासरी साठ मिनिटें तरी अंग घामाळेल असा खेळ सांगते. आमच्या वेळापत्रकांत शारीरिक शिक्षणाचे तास असतात. परीक्षा जवळ आल्या म्हणजे ते गणितास दिले जातात. देणाऱ्यांत आम्हीहि आहों.

मग चांगलें वेळापत्रक आंखून भिंतीवर लावलें कीं झालें, असें कोणी म्हणेल. आम्ही ज्या मिशन वसतिगृहांत वाढलों तेथें सर्व कारभार घंटेवर चाले. पांचाची घंटा उठण्याची, सवापांचाची प्रार्थनेची. मग झाडलोट, अभ्यास, शाळा. चारानंतर बागेस पाणी घालणें, मग फुटबॉल. पुन्हां घंटा, जेवण, अभ्यास. आणि साडेनऊला दिवे मालवण्याची शेवटची. सात वर्षें आमच्या आयुष्याचा तोल त्या घंटेनें संभाळला. आम्ही मात्र समजत होतों कीं तो आम्हींच संभाळला. पुढें कॉलेजसाठीं शहरांत गेलों, घंटा ऐकूं येईनाशी झाली, आणि पहिल्या सहामाहींतच दुपारपर्यंत निजूं लागलों. वसतिगृहास यांत दोष नाहीं. तें आमचें दुसरें घर, आणि त्या घंटेचें ऋण मोठें आहे. लहान वयांत बाहेरचीच घंटा लागते. फक्त ती ऐकणें म्हणजे जागें असणें, असा आमचा जो समज झाला होता तो चुकीचा होता.

टंचाईहि अशीच एक बाहेरची घंटा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत मराठवाड्यांत पाण्याची अशी दुर्दशा झाली कीं एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या 'जलदूत' गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आलें. त्या दिवसांत या भागांतल्या घराघरांत तांब्यातांब्याचा हिशेब होता. अंघोळीचें पाणी झाडांस, भांड्यांचें पाणी अंगणास. सकाळपासून किती पाणी खर्चलें हें शेंबड्या पोरालाहि सांगतां येई. त्याच वर्षीं पुढें पाऊस चांगला झाला, आणि चार महिन्यांत नळ उघडा ठेवून दांत घासण्याची संवय परत आली. वेळेच्या बाबतींत तर अशी टंचाई कधीं डोळ्यांपुढें उभीच राहत नाहीं. दिवस रोज चोवीस तासांचा भरूनच येतो.

घंटा नाहीं, टंचाई नाहीं, कोणी सांगत नाहीं, तरी ज्याचे डोळे उघडे असतात अशा माणसाचें काम आम्हांस त्याच दुपारीं तेरच्या वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळालें. हें संग्रहालय शासनाचें आहे. परंतु त्याला नांव आहे तें रामलिंगप्पा लामतुरे यांचें, आणि तें योग्यच आहे, कारण त्याचा पाया त्यांनीं जमविलेल्या वस्तूंचा आहे. तेरच्या पांढरींतून नाणीं, मणी, मातीच्या मूर्ति, खापरें वर येत. पिढ्यान् पिढ्या माणसें व गुरें त्यांवरून चालत गेलीं. लामतुरे त्याच गांवचे. त्यांनीं वांकून त्या वस्तु उचलल्या, जपल्या, आणि दोन हजार वर्षांपूर्वींचें एक नगर आपल्यास परत दिलें. तेथें तळहाताएवढी एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेंत गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत १९३८ सालीं जी भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली, तिच्याशीं हिचें साम्य अभ्यासक दाखवितात. मुलें कांचेला नाक लावून पाहत होतीं. आमच्या मनांत मात्र दोन चित्रें शेजारीं शेजारीं उभीं होतीं. एकाच गांवची माती. एकाच्या पायांखालीं काय आलें तें त्याला दिसलें नाहीं, आणि दुसऱ्यास सर्वांच्या पायांखालचें दिसलें.

जेवणाच्या वेळची एक लहानशी गोष्ट राहिली. डबे उघडले तेव्हां बहुतेकांकडे पाकिटांतले तळलेले पदार्थ होते. एका मुलीनें ज्वारीच्या भाकरी व शेंगदाण्याची चटणी आणली होती आणि ती डबा झांकून खात होती. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें, तुझी भाकरी जगाच्या पंक्तीस बसून आली आहे, असें आम्हीं तिला सांगितलें. त्यानंतर तिच्या वांट्यास अर्धीच भाकरी उरली.

तेरच्या जुन्या देवळांच्या विटांविषयीं एक नवल प्रसिद्ध आहे. त्यांतल्या कांहीं विटा इतक्या हलक्या आहेत कीं पाण्यावर तरंगतात. विटेच्या मातींत तूस-भुसा मिसळला आणि ती भाजली कीं भुसा जळून जातो व त्याच्या जागीं बारीक बारीक पोकळ्या राहतात; वीट हलकी होते ती त्यांमुळें. आमच्या मुलांच्या दिवसांत अशी पोकळी कोणतीच उरलेली नाहीं. शाळा, शिकवणी, दुसरी शिकवणी, छंदवर्ग. आणि दोन कामांच्या मधल्या दहा मिनिटांतहि मोबाईल. कांहीं न करतां ओट्यावर बसलेलें मूल दिसलें कीं आईबापांस अस्वस्थ वाटतें. आठवड्याचा एक दिवस कामावांचून ठेवावा, ही आज्ञा आम्हां ख्रिस्ती लोकांस लहानपणापासून पाठ आहे. ती आज्ञा आहे, सवलत नव्हे, हें आम्हीहि विसरलों होतों. मुलगा, त्याची आई व आम्ही त्या वर्षभरांत एकत्र कांहींहि न करतां बसलों ते वीज गेल्यावरच. आणि तेव्हांहि आम्ही अंगणांत नव्हतों, मेणबत्तीपाशीं होतों.

आपल्या दिनचर्येंत अवधान आहे किंवा नाहीं हें ओळखावें कसें? यासाठींहि गोरोबाकाकांकडेच जावें लागतें. कुंभार ओलें मडकें एका हातानें आंतून गोळ्याचा आधार देऊन दुसऱ्या हातानें बाहेरून थापटण्यानें थापटतो. संतमेळ्यांत मुक्ताबाईंनीं विचारलें, काका, हें कशासाठीं? मडकें पक्कें कीं कच्चें तें यानें कळतें, असें सांगून काकांनीं तेंच थापटणें एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिलें, आणि नामदेवांनीं कुरकुर केली तेव्हां त्यांना कच्चें ठरविलें, अशी कथा आहे. नामदेवांची थोरवी येथें वेगळी सांगण्याचें कारण नाहीं. आम्हांस यांतली परीक्षा फार व्यवहाराची वाटते. तुम्ही चांगल्या कामांत बुडालेले असतांना कोणी मध्येंच तुम्हांस थापटलें तर तुम्ही काय उत्तर देतां? मूल वही घेऊन येतें. म्हातारी आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारते. विद्यार्थी दारांत घुटमळतो. त्या क्षणीं तोंडून 'आतां नको' निघालें, मान वर न करतां निघालें, तर दिनचर्येच्या तक्त्यांत सगळे रकाने भरलेले असूनहि मडकें कच्चेंच. मुलांच्या मोबाईलाविषयीं तक्रार घेऊन पालक आमच्याकडे येतात. बोलतां बोलतां स्वतःचा मोबाईल वाजला कीं तो पाहतात, आणि आम्हीहि तेवढ्यांत आपला पाहून घेतों. मुलगा मध्यें उभा असतो.

विद्यार्थ्यांनींहि हें थापटणें स्वतःस लावून पाहावें. अभ्यासाला बसल्यावर आईनें पाणी भरावयास हांक मारली म्हणजे तुमचा जो सूर लागतो, तो एकदां ऐका.

सहलीहून परतल्यावर आम्हीं शाळेंत व घरीं जें केलें तें फार थोडें आहे. प्रत्येक वर्गांत मागल्या बांकावरून फळ्यावरची एक ओळ एकेकाकडून वाचवून घेतली. आमच्या वर्गांतले दोघे अडखळले; त्यांतला एक आजपर्यंत 'बेपर्वा' म्हणून प्रसिद्ध होता, आणि तें नांव त्याला आम्हींच दिलें होतें. त्याची आम्हीं वर्गापुढें क्षमा मागितली. घरीं जेवतांना मोबाईल दुसऱ्या खोलींत राहतात. मुलाची पहांटेची शिकवणी बंद केली आहे. तो साडेनऊला निजतो. सायंकाळीं साडेपांच ते सात तो मैदानावर असतो, आणि आठवड्यांतून दोन दिवस आम्हीहि तेथें जाऊन कांहीं न करतां बसतों. पहिले दोन-तीन आठवडे तें फार जड गेलें. हात खिशाकडे जात असे.

शिकवणी सुटल्यापासून गणितांत तो वर्गांत चौथा होता तो नववा झाला आहे. त्याच्या आजोबांस हें पसंत नाहीं, आणि आमच्या सहकाऱ्यांतले दोघेतिघे आम्हांस वेड्यांत काढतात. चाचणीचे कागद आले त्या रात्रीं आम्हांसहि नीट झोप लागली नाहीं, हें येथें लपवून ठेवीत नाहीं. तो मात्र नऊ नंबर सांगून, पावाचा तुकडा हातांत घेऊन, मैदानाकडे गेला.